प्रदर्शनातील स्टॉल सुरक्षितपणे कसा उभारावा : प्रदर्शक आणि फॅब्रिकेटर यांच्यासाठी मार्गदर्शन

गोरेगावचे नेस्को असो, बांद्रा-कुर्ला संकुलातील जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर असो किंवा मोशीचे प्रदर्शन केंद्र असो, व्यापारी प्रदर्शनात काम करणाऱ्यांच्या जिवाला सर्वाधिक धोका असतो तो उद्घाटनापूर्वीच्या दोन-तीन दिवसांत आणि समारोपानंतरच्या पहिल्या काही तासांत. या काळात एकाच छपराखाली असंख्य सुतार, वायरमन, वेल्डर, रंगारी आणि हमाल राबत असतात. ही वेगवेगळ्या ठेकेदारांची माणसे असतात, त्यांची एकमेकांशी ओळख नसते आणि त्यांच्यामधूनच फोर्कलिफ्ट व टेम्पो ये-जा करत असतात. इमारतीच्या बांधकामावर निदान हेल्मेट आणि दोर यांची सवय रुजू लागली आहे. स्टॉलच्या कामावर मात्र ती फारशी दिसत नाही, कारण स्टॉलकडे सगळेच सजावट म्हणून पाहतात. बारा फूट उंचीची भिंत, तिच्यावरचा ट्रस, म्हणजे धातूची जाळीदार तुळई, त्याला टांगलेले दिवे आणि खालून गेलेली थ्री-फेज वायर एवढे सगळे ज्यात येते ते तात्पुरते बांधकामच होय, आणि त्याला बांधकामाचेच नियम लावले पाहिजेत.

जबाबदारी कोणाची?

फॅब्रिकेटरला, म्हणजे स्टॉल बांधून देणाऱ्या ठेकेदाराला, काम दिले की आपली जबाबदारी संपली, असे अनेक प्रदर्शकांना वाटते. फॅब्रिकेटर वायरिंगचे काम पुढे दुसऱ्याला देतो, तो आणखी तिसऱ्याला देतो, आणि शेवटी शिडीवर चढणाऱ्या मुलाला आपण नेमके कोणासाठी काम करतो आहोत हेच ठाऊक नसते. या साखळीचे पुढे काय होते ते मेरठच्या प्रकरणात दिसले. १० एप्रिल २००६ रोजी मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये भरलेल्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनाला शेवटच्या दिवशी आग लागली आणि ६५ जणांचा मृत्यू झाला. मंडपाचे आणि विजेचे काम आपण ठेकेदाराला दिले होते, त्यामुळे दोष त्याचा आहे, असा बचाव आयोजकांनी केला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये तो फेटाळला आणि भरपाईचा ६० टक्के भार आयोजकांवर व ४० टक्के भार राज्य सरकारवर टाकला. तो निकाल आयोजकांबद्दल होता हे खरे. परंतु काम दुसऱ्याच्या हाती सोपवल्याने सुरक्षिततेची जबाबदारी आपोआप हस्तांतरित होत नाही, हे त्यातले सूत्र प्रत्येक प्रदर्शकाने स्वतःला लावून पाहावे. महाराष्ट्रात तर आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा जागेच्या मालकाबरोबरच तिचा ताबा असणाऱ्यालाही आगीपासूनच्या उपाययोजनांसाठी जबाबदार धरतो.

म्हणून सुरक्षेची सुरुवात कार्यादेशापासून, म्हणजेच वर्क ऑर्डरपासून करावी. कोटेशनमध्ये प्लाय, लॅमिनेट, ग्राफिक आणि फर्निचर यांचे दर असतात. हेल्मेट, चाकांची परांची, अग्निशामक आणि परवानाधारक वायरमन यांचा मात्र उल्लेख नसतो. ज्या गोष्टीचे पैसे कागदावर धरलेले नाहीत ती गोष्ट प्रत्यक्ष जागेवर येत नाही. या बाबी स्वतंत्र ओळीत लिहून घ्याव्यात, त्यांची रक्कम मान्य करावी आणि त्या रकमेवर घासाघीस करू नये. त्याच कागदावर उपठेकेदारांची नावे, जागेवर पूर्ण वेळ हजर राहणाऱ्या एका पर्यवेक्षकाचे नाव व मोबाइल क्रमांक आणि कामगारांच्या नुकसानभरपाईच्या विम्याचा तपशील असावा. विम्याच्या पॉलिसीची मुदत स्टॉल मोडण्याच्या दिवसापर्यंत आहे ना, हे पाहावे; ती प्रदर्शनाच्या शेवटच्या तारखेला संपत असेल तर सर्वांत धोक्याची रात्र विम्याबाहेर राहते. अठरा वर्षांखालील कोणालाही या कामावर घेणार नाही, हेही स्पष्ट लिहून घ्यावे.

आयोजक प्रत्येक प्रदर्शकाला एक्झिबिटर मॅन्युअल पाठवतात. ते विपणन विभागातील कोणाच्या तरी ई-मेलमध्ये पडून राहते आणि फॅब्रिकेटरपर्यंत पोहोचतच नाही. स्टॉलची कमाल उंची, आराखडा मंजुरीसाठी पाठवण्याची शेवटची तारीख, विजेचा भार नोंदवण्याचा अर्ज, छताला काही टांगण्याची परवानगी, दुमजली स्टॉलसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचे प्रमाणपत्र आणि वेल्डिंगबाबतचे नियम हे सगळे त्यात असते. ते फॅब्रिकेटरला नुसते पुढे पाठवून थांबू नये. आराखडा हातात घेऊन त्याच्याबरोबर एकदा बसावे आणि दोन प्रश्न विचारावेत : ही भिंत कशाच्या आधारावर उभी राहणार आहे, आणि हा दिवा बिघडला तर तो बदलायला माणूस कुठून चढणार आहे? या दोन प्रश्नांची ठाम उत्तरे मिळाली नाहीत तर आराखडा बदलावा.

उभारणी : उंची, वजन आणि थकवा

ऑक्टोनॉर्मच्या तयार चौकटींच्या स्टॉलमध्ये भिंती साधारण अडीच मीटर उंच असतात आणि त्यांची जोडणी ठरलेली असते, त्यामुळे तिथला धोका मर्यादित असतो. मोकळी जागा घेऊन लाकडात स्टॉल बांधला की चित्र पालटते. रात्री उशिरा फॅसियावर, म्हणजे स्टॉलच्या वरच्या दर्शनी पट्टीवर, कंपनीचे नाव चिकटवणारा माणूस पाहा. तो घोडीच्या, म्हणजे दोन बाजूंनी उघडणाऱ्या शिडीच्या, सर्वांत वरच्या पायरीवर उभा असतो, एका हाताने अक्षर धरतो, दुसऱ्या हाताने टेप दाबतो आणि अक्षर सरळ बसले आहे की नाही हे पाहण्यासाठी कमरेतून मागे झुकतो. धरायला त्याच्यापुढे काहीही नसते, आणि खाली काँक्रीटची जमीन असते. या एका कामासाठी तरी परांची आणलीच पाहिजे.

घोडीच्या वरच्या दोन पायऱ्यांवर कोणी उभे राहू नये. भिंतीला टेकवायची सरळ शिडी चार फूट उंचीला एक फूट या प्रमाणात पायथ्याशी बाहेर घ्यावी, तिचे पाय रबरी असावेत आणि खाली एकाने ती धरावी. चाकांच्या परांचीची उंची तिच्या तळाच्या अरुंद बाजूच्या तिपटीहून अधिक नसावी, चढण्यापूर्वी चारही चाके लॉक करावीत आणि वर माणूस असताना ती कधीही ढकलू नये. वरचा माणूस खाली उतरून पुन्हा चढायला दोन मिनिटे लागतात, तेवढी वाचवण्यासाठी परांची माणसासकट सरकवली जाते आणि वायरच्या गुंडाळीला चाक अडून ती कलंडते. दोन मीटरहून उंच काम करणाऱ्याला कठड्याचा आधार मिळत नसेल तर त्याने पूर्ण अंगाचा हार्नेस घालावा आणि त्याची दोरी भक्कम जागी अडकवावी. स्टॉलची प्लायची भिंत ही अशी जागा नव्हे. माणूस पडला तर ती त्याच्या अंगावर येईल. हेल्मेट आयएस २९२५ प्रमाणित असावे आणि हनुवटीचा पट्टा बांधलेला असावा, कारण पट्टा सोडलेले हेल्मेट माणसाच्या आधी खाली पडते. हार्नेसवर आयएस ३५२१ आणि बुटांवर आयएस १५२९८ हे क्रमांक पाहून घ्यावेत. चपला घालून आलेल्या कामगाराला परत पाठवावे लागू नये म्हणून बुटांचे दोन-तीन जादा जोड फॅब्रिकेटरने टेम्पोतच ठेवावेत.

भिंती उभ्या करण्याच्या क्रमाकडेही लक्ष द्यावे. सुटी सरळ भिंत एकटी कधीही उभी ठेवू नये. आधी काटकोनातला कोपरा जोडावा आणि मग त्याला पुढची भिंत लावावी. मोठी एलईडी स्क्रीन ज्या भिंतीवर बसणार आहे तिच्या मागे तिरके टेकू आणि पायथ्याशी वजन हवे. शेजारच्या स्टॉलच्या भिंतीला आपली भिंत खिळ्यांनी ठोकून तिचा आधार घेण्याची पद्धत सर्रास आढळते. शेवटच्या रात्री शेजाऱ्याने आपला स्टॉल आधी काढला की तो आधार निघून जातो.

वजनाचा अंदाज नसणे हेही दुखापतीचे मोठे कारण आहे. आठ बाय चार फुटांचे १८ मिलिमीटरचे प्लाय ३२ ते ३७ किलोच्या आसपास भरते आणि एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला फळा) त्याहून जड असते. काच दर मिलिमीटर जाडीला दर चौरस मीटरमागे अडीच किलो भरते. म्हणजे आठ बाय चारची १२ मिलिमीटरची टफन काच जवळजवळ ९० किलोंची होते. एवढी काच दोघांनी हातांनी उचलू नये. तिच्यासाठी चार माणसे, काच धरण्याचे सक्शन कप, मनगटापर्यंतचे हातमोजे आणि आधीच मोकळी करून ठेवलेली वाट लागते. टफन काच तुटते ती बहुधा कोपऱ्यावर आघात झाल्यामुळे, म्हणून ती काँक्रीटवर थेट टेकवू नये, खाली लाकडी पट्टी किंवा रबर ठेवावे. फोर्कलिफ्ट चालवणारा प्रशिक्षित असावा, काट्यांवर माणूस उभा करून त्याला वर नेऊ नये आणि उचललेल्या मालाखालून कोणीही जाऊ नये.

लाकूड शक्यतो कारखान्यातच कापून, रंगवून आणावे आणि हॉलमध्ये फक्त जोडणी करावी. यामुळे धूळ, आवाज आणि आगीचा धोका एकदमच कमी होतो, आणि माझ्या मते सुरक्षेसाठी प्रदर्शक एकच निर्णय घेणार असेल तर तो हाच असावा. जागेवर थोडे कापावेच लागले तर कटर मशीनचे गार्ड काढलेले नाही हे पाहावे, चष्मा आणि मास्क द्यावा, सैल बाह्यांचा शर्ट किंवा गळ्यातला गमछा घालून यंत्रावर काम करू देऊ नये आणि भुसा दर काही तासांनी गोळा करून बाहेर न्यावा. थिनरचे रंग हॉलमध्ये फवारू नयेत. टचिंगसाठी पाण्यात मिसळणारा रंग वापरावा.

हे सारे नियम पाळूनही थकलेल्या माणसाकडून चूक होतेच. स्टॉल दोन रात्रींत उभा करायचा म्हणून तीच चार माणसे सलग जागवली जातात आणि पहाटे मागच्या भिंतीआडच्या चिंचोळ्या जागेत, पुठ्ठा अंथरून, जिवंत वायरींच्या शेजारी झोपतात. रात्रपाळीसाठी वेगळी माणसे ठेवावीत, झोपण्यासाठी हॉलबाहेर जागा ठरवावी आणि तिचा खर्च कोटेशनमध्ये धरावा. उभारणीच्या दिवसांत हॉलचे वातानुकूलन बंद असते आणि मालासाठी दारे सताड उघडी असतात, हे अनेक प्रदर्शकांना माहीत नसते. एप्रिल-मे महिन्यांत आत असह्य उकाडा होतो. पिण्याच्या पाण्याचे जार, ओआरएस आणि दुपारची सक्तीची विश्रांती यांची व्यवस्था पर्यवेक्षकाने पहिल्याच दिवशी करावी. महिला कामगार असतील तर स्वच्छतागृह रात्रीही उघडे राहील हे आयोजकांकडून आधीच निश्चित करून घ्यावे.

काम सुरू करण्यापूर्वी दहा मिनिटे सगळ्यांना एकत्र उभे करून त्या दिवशीचे धोके, बाहेर पडण्याच्या वाटा आणि वीज बंद करण्याची जागा दाखवावी. मुंबई-पुण्याच्या स्टॉलवर काम करणारे बरेच सुतार आणि रंगारी उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानातून आलेले असतात. त्यांच्याशी हिंदीत बोलावे, इंग्रजी फलक लावून समाधान मानू नये.

वीज

स्टॉलला लागणाऱ्या विजेचा हिशेब दिव्यांपासून सुरू होतो आणि तिथेच संपतो, ही नेहमीची चूक आहे. दिव्यांचा भार एलईडीमुळे आता कमी झाला आहे. भार वाढतो तो कॉफी मशीन, पाणी तापवण्याची किटली, छोटा फ्रीज, मोठी स्क्रीन आणि ऐन वेळी आणलेला पंखा यांच्यामुळे. एक किलोवॅट भाराला २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर करंट लागतो. दोन किलोवॅटचे कॉफी मशीन आणि दीड किलोवॅटची किटली एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावली की १५ अँपिअरहून अधिक करंट त्या एका वायरीतून वाहतो, आणि ती वायर बहुतेक वेळा एवढ्यासाठी बनवलेली नसते. म्हणून प्रत्येक उपकरणाच्या पाटीवरचे वॅट वाचून यादी करावी, तिच्यात पाव हिस्सा जादा धरून आयोजकांकडे भार नोंदवावा आणि तापणाऱ्या उपकरणांसाठी स्वतंत्र सर्किट द्यावे. पुरवठा कमी पडला म्हणून शेजारच्या स्टॉलमधून वायर ओढू नये. शेजारचा स्टॉल वेगळ्या फेजवर असू शकतो आणि दोन फेजमधला दाब सुमारे ४०० व्होल्ट असतो.

स्टॉलच्या मुख्य बोर्डावर एमसीबीबरोबर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे बाजारात ज्याला ईएलसीबी म्हणतात तो, असलाच पाहिजे. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो. माणसाला धक्का बसल्यावर पुरवठा तोडण्याचे काम हा दुसरा स्विच करतो. त्यावरचे टेस्टचे बटण रोज सकाळी दाबावे; पुरवठा तुटला नाही तर बोर्ड बदलल्याशिवाय स्टॉल उघडू नये. ॲल्युमिनियमच्या चौकटी, ट्रस, स्क्रीनचा लोखंडी सांगाडा आणि यंत्रांची अंगे यांना अर्थिंग जोडावे. दोन तारांच्या वायरी वापरू नयेत, तीन तारांच्याच वापराव्यात, आणि हिरवी तार प्लगमध्ये खरोखर जोडली आहे का हे एखादा प्लग उघडून पाहावे. ती आत कापून सोडून दिलेली आढळणे मुळीच दुर्मीळ नाही.

वायरींचे जोड नुसती टेप गुंडाळून गालिच्याखाली दडपू नयेत. जोड कनेक्टरच्या डबीत घ्यावेत आणि ते जिथे पाहता येतील अशा जागी ठेवावेत. चालण्याच्या वाटेवरून वायर न्यावीच लागली तर तिच्यावर रबरी केबल कव्हर टाकावे. एक्स्टेन्शनची रीळ वापरताना वायर पूर्ण उलगडावी. गुंडाळलेल्या रिळातून मोठा करंट गेला तर आतली उष्णता बाहेर पडायला वाट नसते आणि वायरीचे आवरण वितळते. एलईडी पट्ट्यांचे ड्रायव्हर आणि स्क्रीनचे पॉवर सप्लाय प्लायच्या बंद पेटीत कोंडू नयेत. पेटीला वर आणि खाली हवेची छिद्रे ठेवावीत आणि हात घालता येईल असे दार ठेवावे. मुख्य स्विच मागच्या भिंतीआड सामानाच्या खोक्यांनी झाकला जाऊ देऊ नये. स्टॉलवरच्या प्रत्येकाला, पहिल्याच दिवशी रुजू झालेल्या स्वागतिकेलाही, तो डोळे मिटून सापडला पाहिजे.

आग

स्टॉल म्हणजे सुके लाकूड, चिकटद्रव्य, फ्लेक्स, कापड, थर्माकोल आणि त्यांच्या मधोमध वीज. मागच्या भिंतीआड रिकामी खोकी, बबल रॅप आणि रद्दी साठवलेली असते. ती तिथे कोणाला दिसत नाही, म्हणून ठिणगी पडली तरी धूर भिंतीच्या वर येईपर्यंत कळत नाही. रिकामी खोकी आयोजकांच्या गोदामात पाठवावीत. तिथे सोय नसेल तर ती टेम्पोत भरून परत न्यावीत, आणि एका दिवसाला लागतील एवढीच माहितीपत्रके स्टॉलवर ठेवावीत.

छताचे कापड, पडदे आणि गालिचा आगरोधक असल्याचे प्रमाणपत्र पुरवठादाराकडून घ्यावे. प्रमाणपत्र जुने असेल किंवा कापड धुतलेले असेल तर त्यावर विसंबू नये, कारण आगरोधक द्रावण धुण्याने उतरते. अशा वेळी पर्यवेक्षकाने हॉलबाहेर मोकळ्या जागी, पाण्याची बादली जवळ ठेवून, कापडाची चार बोटांची पट्टी चिमट्यात धरावी आणि तिला ज्योत लावून पाहावी. ज्योत काढल्यावर पट्टी काही क्षणांत विझली पाहिजे. ती जळत राहिली किंवा जळते थेंब गळू लागले तर ते कापड स्टॉलवर चढवू नये. सगळा स्टॉल वरून कापडाने झाकणे तर टाळावेच, कारण हॉलच्या छतातील स्प्रिंकलरचे पाणी आणि धुराची सूचना देणारी यंत्रणा या दोन्हींना त्याचा अडथळा होतो.

वेल्डिंग आणि ग्राइंडिंग हॉलमध्ये करूच नये. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेम झोनमध्ये लागलेल्या भीषण आगीची सुरुवात वेल्डिंगच्या ठिणग्यांतून झाली होती, आणि हे काम आजूबाजूला ज्वलनशील सामान असताना चालले होते. एखादा लोखंडी भाग जागेवरच जोडावा लागला तर आयोजकांची लेखी परवानगी घेऊन तो बाहेर मोकळ्या जागी न्यावा, भोवतालचे ज्वलनशील सामान हलवावे, शेजारी अग्निशामक घेऊन एक माणूस उभा करावा आणि काम संपल्यावरही त्याला निदान अर्धा तास तिथून हलू देऊ नये, कारण भुशात पडलेली ठिणगी बराच वेळ नुसती धुमसत राहते.

प्रत्येक स्टॉलवर दोन अग्निशामक ठेवावेत : लाकूड-कापडासाठी एबीसी पावडरचा आणि विजेच्या बोर्डाजवळ कार्बन डायऑक्साइडचा. पावडरच्या सिलिंडरवरचा काटा हिरव्या पट्ट्यात असावा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटा नसतो, तो वजनावरून तपासतात, त्यामुळे त्यावरील तपासणीची चिठ्ठी आणि तारीख पाहावी. ते शोभेला बाधा आणतात म्हणून काउंटरच्या कपाटात लपवले जातात, हे मला अजिबात मान्य नाही. ते समोर, हात पोहोचेल अशा उंचीवर असावेत आणि स्टॉलवरच्या किमान दोघांनी पिन काढून, नळी आगीच्या मुळाशी रोखून ते एकदा तरी चालवून पाहिलेले असावेत. आग एका सिलिंडरमध्ये आटोक्यात आली नाही तर दुसरा शोधत बसू नये. वीज तोडावी, सगळ्यांना बाहेर काढावे आणि १०१ वर कळवावे.

हॉलच्या संकटकालीन दारासमोर, हायड्रंटच्या पेटीसमोर किंवा मधल्या वाटेवर आपला स्टँडी, खुर्ची अथवा कुंडी एक फूटही पुढे येऊ देऊ नये. आपल्या स्टॉलपासून जवळची दोन दारे कोणती आणि ती आतून खरोखर उघडतात का, हे प्रत्येक सकाळी प्रत्यक्ष चालत जाऊन पाहावे.

प्रदर्शनाचे दिवस

चालू यंत्र दाखवायचे असेल तर त्याचे गार्ड काढून ‘आतले दिसावे’ असा मोह होतो. त्याऐवजी पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे आवरण लावावे आणि बंद करण्याचे लाल बटण यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हाताशी ठेवावे. कृषी प्रदर्शनांत याची गरज अधिक असते, कारण तिथे शेतकरी कुटुंबांसह येतात आणि लहान मुले यंत्रांना हात लावतात. कडबाकुट्टी यंत्राच्या तोंडाशी वैरण सरकवून दाखवताना पाहणाऱ्यांचा हात पोहोचणार नाही एवढ्या अंतरावर कठडा असावा. यंत्र बंद उभे असताना वीजजोड काढून ठेवावा आणि पाते फिरणार नाही असे अडकवून ठेवावे. ट्रॅक्टरची किल्ली ट्रॅक्टरला लावून ठेवू नये, रोटाव्हेटरसारखी अवजारे उचललेल्या अवस्थेत न ठेवता जमिनीवर टेकवावीत आणि पीटीओ शाफ्टवर, म्हणजे ट्रॅक्टरची शक्ती अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, आवरण असल्याशिवाय तो फिरवून दाखवू नये. ही प्रदर्शने मोकळ्या मैदानावर, मंडपात भरतात. तिथे वळवाच्या पावसाचा आणि वावटळीचा विचार करून विजेचे बोर्ड जमिनीपासून उंच व झाकलेले ठेवावेत आणि कमानी व मोठे फ्लेक्स दोरांनी चारही बाजूंना ताणून बांधावेत.

विजेवर चालणाऱ्या दुचाकी आणि साठवणुकीच्या बॅटऱ्या आता बऱ्याच स्टॉलवर असतात. लिथियम बॅटरी हॉलमध्ये रात्री चार्जिंगला लावून जाऊ नये. मांडलेल्या गाडीची बॅटरी शक्य असेल तर काढून ठेवावी, फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी ताबडतोब इमारतीबाहेर न्यावी. खाद्यपदार्थांच्या स्टॉलवर गॅस सिलिंडरऐवजी इंडक्शन वापरावे आणि त्याचा भार विजेच्या अर्जात धरावा.

स्टॉलचा लाकडी फलाट जमिनीपासून जेमतेम चार इंच वर असतो, आणि अडखळून पडण्यास तेवढा पुरेसा ठरतो. कडेला ठळक रंगाची पट्टी लावावी, एका बाजूला चाकाची खुर्ची चढेल असा सौम्य उतार द्यावा. भेटवस्तूंचे वाटप, सोडत किंवा कलाकाराची हजेरी ठेवली तर गर्दी स्टॉलच्या आत मावेल अशी मांडणी करावी, कारण वाटेत साचलेली गर्दी शेजाऱ्यांचीही सुटकेची वाट बंद करते.

प्रथमोपचाराच्या पेटीत जंतुनाशक, निर्जंतुक पट्ट्या, दाब देण्यासाठी जाड कापड आणि भाजल्यावरचे साहित्य असावे. कापल्यास जखमेवर सलग दाब द्यावा आणि भाजल्यास वीस मिनिटे वाहते साधे पाणी सोडावे. टूथपेस्ट किंवा हळद लावू नये. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा. तो प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलावून लगेच छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे आणि मदत येईपर्यंत थांबू नये. उंचावरून पडलेल्या माणसाची मान हलवू नये, त्याला उचलून खुर्चीवर बसवू नये. रुग्णवाहिकेला हॉलचा क्रमांक आणि दाराचा क्रमांक सांगता यावा म्हणून तो स्टॉलच्या काउंटरवर आतल्या बाजूने मोठ्या अक्षरांत चिकटवून ठेवावा. त्या विस्तीर्ण आवारात चुकीच्या दाराशी आलेली गाडी फिरून येईपर्यंत मोलाची मिनिटे जातात.

स्टॉल मोडताना

समारोपाची घोषणा होते त्या क्षणी हॉलमध्ये पाहुणे रेंगाळत असतात, प्रदर्शक नमुने आवरत असतात आणि त्याच वेळी हातोडे घेऊन मोडणारी माणसे आत शिरतात. शेवटचा पाहुणा बाहेर जाईपर्यंत आणि आयोजकांनी मोडणीला परवानगी देईपर्यंत एकही स्क्रू काढू नये. त्यानंतर पहिले काम विजेचे : वायरमनने मुख्य पुरवठा तोडून, टेस्टरने खात्री करून, बोर्डावर तशी चिठ्ठी लावावी. मगच दिवे, स्क्रीन आणि काच उतरवावी, आणि शेवटी भिंतींना हात घालावा. भिंती ज्या क्रमाने उभ्या केल्या त्याच्या नेमक्या उलट क्रमाने काढाव्यात. धक्का देऊन अख्खी भिंत आडवी पाडण्याची पद्धत झटपट वाटते. परंतु पलीकडच्या वाटेवर कोण वाकून खोके बांधत आहे ते पाडणाऱ्याला दिसत नसते, त्यामुळे ती पूर्णपणे बंद झाली पाहिजे.

मोडणीला प्रदर्शकाचा एक तरी जबाबदार माणूस हजर असावा. चार दिवस उभे राहून थकलेली विक्रीची माणसे त्या रात्री थांबू शकत नाहीत, म्हणून या कामासाठी त्या दिवशी दुपारनंतर येणारा वेगळा माणूस आधीच नेमावा. त्याने निघालेल्या प्रत्येक फळीतले खिळे जागच्या जागी उपटून किंवा ठोकून आडवे केले जात आहेत ना हे पाहावे, फुटलेली काच वेगळ्या पिंपात टाकायला लावावी, टेम्पो मागे घेताना चालकाला इशारा देणारा माणूस उभा करावा आणि आपल्या जागेची काँक्रीट झाडून मोकळी झाल्यावर, अग्निशामक सर्वांत शेवटच्या फेरीत टेम्पोत चढवून, कामगारांची मोजणी करून हॉल सोडावा.